समोरच्या घरातली शेगडी

मुलुंडला आमच्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडलं की समोर तीन दारं दिसायची. डावीकडचं आमचं, मधलं काकांचं आणि उजवीकडचं जगाचं. जगाचं म्हणजे त्या घरात कधी इंदूरचे लोक असत, कधी बंगळूरचे, एकदा तर थेट पोलंडचे. दोन दिवस, तीन दिवस मुंबई बघायची, राहायला हॉटेलऐवजी छानसं घर घ्यायचं, वाटलं तर आपल्या हातानं करून खायचं, अशा लोकांसाठी काकांनी ते ठेवलं होतं. मोबाईलवरच्या ॲपवर त्याचं वर्णन होतं, 'डोंगर दिसणारं देखणं घर, स्वयंपाकघर संपूर्णपणे तुमच्या ताब्यात.' ते वर्णन मीच लिहिलेलं. त्यातलं डोंगराचं खरं होतं. स्वयंपाकघर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत काकांच्या ताब्यात होतं.

काका माझे कोणी सख्खे नव्हेत, शेजारी. सगळा जन्म विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात तपासणी खात्यात गेला. समोर येणारा नग हातात घ्यायचा, नमुन्याशी ताडून बघायचा आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण सवय सुटली नाही. वॉचमन, भाजीवाला, सोसायटीचे चेअरमन, माझा नवरा, सगळ्यांना त्यांनी एकेकदा तपासलं होतं. माझा नवरा कशात बसला ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारायला गेले नाही.

मला त्यांनी नोकरीवर ठेवलं ते इंग्रजीसाठी. मी घरूनच ऑफिसचं काम करायचे, म्हणजे काकांच्या हिशेबी दिवसभर घरीच असायचे. पाहुण्यांचे मेसेज वाचायचे, उत्तरं द्यायची, आणि पाहुणे आले-गेले की दारात उभं राहून काकांचं म्हणणं त्यांना समजावून सांगायचं. पगार लोणच्यात मिळायचा. त्या लोणच्याचं पुढे सांगते.

चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा काकांच्या खोलीच्या बदल्यात एक आणि त्यांच्या आईच्या खोलीच्या बदल्यात एक, अशी दोन घरं त्यांना शेजारीशेजारी मिळाली. दुसऱ्या घरात भाडेकरू ठेवला तर तो ते घर आपलं समजायला लागतो, असं काकांचं मत होतं. आणि बंद ठेवणं त्यांना मुळीच मंजूर नव्हतं. त्यांचं कोकणातलं घर वडील गेल्यावर बंद पडलं होतं. कौलं शाबूत, दारं फणसाच्या लाकडाची, कुलूप भक्कम. तरी काही वर्षांत वाळवीनं ते आतून पोखरून टाकलं. काका एका गणपतीला गेले आणि दाराला हात लावला तर हात आत गेला. त्यांनी तिथल्या तिथं तपासणी केली आणि निकाल दिला की कुलपात दोष नव्हता, लाकडात दोष नव्हता, चूल पेटत नव्हती. ज्या घरात काही शिजत नाही ते घर उभं राहत नाही, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

"पण काका, अकराव्या मजल्यावर वाळवी येणार कशी?" मी एकदा विचारलं.

"लिफ्टनं," काका म्हणाले.

घर सजवलं काकीच्या भाचीनं. ती इंटिरियरचं शिकली होती आणि मावशीच्या घरावर हात साफ करून घ्यायला तिला हवंच होतं. राखाडी भिंती, वेताचे दिवे, एक भिंत मुद्दाम प्लॅस्टर न केल्यासारखी विटांची. काका त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "काम अर्धवट टाकून गेलेत." स्वयंपाकघरात काळा ओटा, त्यात बसवलेली काचेची चार बर्नरची शेगडी, खिडकीपाशी वेताची एक खोलगट खुर्ची. फोटो काढायच्या दिवशी भाचीनं ओट्यावर पांढरा वाडगा ठेवला आणि त्यात पिवळीधमक लिंबं रचली. फोटो झकास आले. भाची लिंबं तशीच ठेवून निघून गेली आणि तिथून पुढे आमच्या मजल्याच्या कपाळी लिंबं आली.

कारण काकांच्या दृष्टीनं फोटो म्हणजे नमुना. नमुन्यात लिंबं आहेत म्हटल्यावर मालात लिंबं हवीत. प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी काका बाजारात जाऊन नवी लिंबं आणायचे, मोबाईलवरचा फोटो समोर धरून तशीच रचायचे, डावीकडचं देठ वर, उजवीकडचं खाली. पाहुण्यांनी ती वापरायची नाहीत. एका बाईंनी त्यातलं एक चहात पिळलं तर काका मला म्हणाले, "उद्या खुर्चीसुद्धा पिळतील." पाहुणे गेले की ती लिंबं काकीकडे यायची, आणि काकी त्यांचं लोणचं घालायची. गोड, तिखट, उपासाचं, बिनतेलाचं. आमच्या मजल्यावर ते सगळ्यांनी खाल्लं, मग खालच्या मजल्यांवर गेलं, मग काकी ते विकायला लागली. तिला दुसरा इलाजच नव्हता.

पाहुणा आला की काका त्याच्या हातात शिधा द्यायचे. हा शब्द त्यांचाच. वेताच्या टोपलीत तांदूळ, तूरडाळ, पोहे, कांदे, मिरच्या, दोन कोकमं, मिठाची पुडी. "घर आपलं समजा," असं मी इंग्रजीत सांगायचे. काका पुढे मराठीत म्हणायचे, "आणि शेगडी एकदा तरी पेटली पाहिजे. काय पण करा, पण शिजवा. नुसती पेटवून विझवायची नाही, ती फसवणूक झाली." हे मी जमेल तेवढं गोड करून सांगायचे. पाहुणे हसून मान डोलवायचे. त्यांना वाटायचं हा पाहुणचाराचा भाग आहे. तो तपासणीचा भाग आहे हे त्यांना जाताना कळायचं.

जायच्या दिवशी काका आत शिरून पहिल्यांदा स्वयंपाकघरात जात. उलटा हात बर्नरवर. मग कढईचा वास. मग कांदे मोजणं. मग पाहुण्यांकडे बघून एकच शब्द. इंदूरच्या जोडप्यानं पोहे केले होते, तेही दोन्ही दिवस, ते पास झाले आणि काकांनी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडलं. पोलंडच्या म्हाताऱ्यांनी रोज बटाटे उकडले. काकांना ते खाणं बघून वाईट वाटलं, पण पास. पुण्याच्या एका गृहस्थांनी शिध्याचे पैसे वेगळे आहेत का असं आधी विचारून घेतलं, नाहीत म्हटल्यावर सगळा शिजवला आणि उरलेला भात डब्यातून परत नेला. काका त्यांच्याबद्दल फार आदरानं बोलत.

पण असे थोडे. बाकी सगळे त्या सुंदर ओट्याशी उभं राहून फोटो काढायचे, कोणी हातात चमचा धरून, कोणी फुंकर घालत असल्यासारखं करून, आणि मग मोबाईलवरून बिर्याणी मागवायचे. एका मुलीनं तर रिकाम्या कढईत कालथा फिरवतानाचा व्हिडिओ केला. काकांनी तो माझ्या फोनवर दोनदा पाहिला. "आवाज येत नाय," ते म्हणाले. "फोडणीचो आवाज खंय?" रागावले की ते मालवणीत शिरायचे. त्या मुलीनं नंतर लिहिलं, जागा अप्रतिम, मालकांचा जीव मात्र गॅसमध्ये अडकलेला आहे, तीन तारे. काकांना तारे कळत नसत. "तीन म्हणजे पास की रिजेक्ट?" मी म्हटलं, मधलं काहीतरी. "मधला काय नसता," काका म्हणाले, आणि चहा पीत बसले.

मुंबईत काय बघायचं असं पाहुण्यांनी विचारलं की काका त्यांना विक्रोळीच्या कारखान्याचं गेट सांगत. आत सोडत नाहीत, फोटो काढू देत नाहीत, पण बाहेरून बघण्यासारखं आहे. एकजण खरंच जाऊन आला. गेट चांगलं आहे म्हणाला.

आता शेगडी थंड निघाली तर काय व्हायचं ते सांगते. सगळी गंमत तिथं संपत होती. पाहुणे रिजेक्ट होऊन विमानतळाच्या वाटेला लागत. पण घर थंडच राहिलेलं असायचं, आणि संध्याकाळी नवे पाहुणे यायचे असायचे. मग काका मधल्या दारात उभे राहून आत हाक मारत, "अगो, शेगडी थंड आसा." आणि काकी उठायची. एका हातात दुधाचं पातेलं, दुसऱ्या हातात चहा-साखरेचे डबे, गुडघा दुखतोय म्हणून भिंतीला खांदा टेकत ती आपल्या दारातून त्या दारात जायची. तिथं चहा करायची, उभ्या उभ्याच दोघांसाठी गाळायची, भांडी घासायची, काळा ओटा डाग राहू नये म्हणून कोरड्या फडक्यानं पुसायची आणि परत येऊन आपल्या घरी कुकर लावायची. काका तो चहा पिऊन "झालं" म्हणायचे. काय झालं ते त्यांनाच माहीत. काकीला दोन घरं मिळाली होती, म्हणजे दोन शेगड्या मिळाल्या होत्या. मला काकांचा राग यायचा तो तेव्हा. एवढा चोख तपासणारा माणूस, पण चहा आपण होऊन तयार होत नाही हे त्याच्या तपासणीत कधी आलं नव्हतं.

तिनं मात्र कधी कुरकुर केली नाही. फक्त एकदा, ओटा पुसता पुसता, तिची नजर खिडकीकडे गेली. काकांच्या घराच्या खिडकीतून समोरच्या टॉवरच्या बाथरूमच्या जाळ्या दिसत. इथून येऊरचे डोंगर दिसत, हिरवे, अगदी जवळ.

"चांगली आहे गं ही खुर्ची," काकी म्हणाली. "मी अजून बसले नाही तिच्यात."

"मग बसा ना काकी."

"उशी रचलेली आहे. फोटोसारखी." मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी एक दिवस गॅसपाशी गेले नाही असं झालंय का, ते आठवतेय. बाळंतपणात आईकडे होते, तेवढंच. दोन दिवस, गं. कोणी विचारू नये आज काय केलंस म्हणून. बस."

मी काकांना हे सांगून पाहिलं. ते खरोखर चकित झाले. "आपलंच घर आहे. कधीही जाऊन बसू दे. मी काय अडवलंय?" आणि लगेच, "उद्या नको, उद्या बुकिंग आहे." परवाही होतं. ती गोष्ट तिथंच राहिली.

मग एका दुपारी काकी माझ्याकडे आली. हातात फोन, चेहरा नेहमीचा.

"माझं बुकिंग करून दे."

"कुठलं? गावी जाताय?"

"समोरचं. दोन रात्री. पैसे लोणच्याचे आहेत, माझे."

ती गंमत करत नव्हती. ॲपवर तिचं खातं उघडलं. नाव तिनं माहेरचं सांगितलं. फोटो नको म्हणाली. मग मी तिच्या फोनवरून बुकिंग पाठवलं, आणि काकांच्या फोनवर ते आलं म्हणून काकांनी मला बोलावलं, आणि मी त्यांना ते वाचून दाखवलं.

"काय गो, पाहुणे खंयचे?"

"एकट्या बाई आहेत. मुंबईच्याच."

आडनाव ऐकून काका खूश झाले. "आमच्या सासुरवाडीकडचं आडनाव. शिजवणारी माणसं. घे." आणि आत वळून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंस? तुझ्या माहेरचं कोणीतरी येतंय."

"हो का," आतून काकी म्हणाली. "बरं झालं."

त्या दिवशी काका लिंबं रचून, टोपली घेऊन लिफ्टसमोर उभे होते. मी त्यांच्याशेजारी. लिफ्ट आली, दूधवाला उतरला, लिफ्ट गेली. मग पाठीमागचं मधलं दार उघडलं. काकी बाहेर आली. अंगावर लेकीच्या साखरपुड्यातली साडी, खांद्याला छोटी बॅग, आणि डोळ्यांना गॉगल, तो भाचीचा असावा. तिनं आपलं दार ओढून घेतलं, किल्ली काकांच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि दोन पावलं चालून उजव्या दारासमोर येऊन थांबली.

"बुकिंग आहे माझं," ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. लिफ्टकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी फोनमध्ये पाहिलं.

"ह्या काय?" काका म्हणाले.

"नियम सांगता ना पाहुण्यांना? सांगा."

आणि काकांनी सांगितले. दुसरं त्यांना काही सुचलंच नसावं. गीझरचं बटण कुठलं, ओला कचरा कुठं, सुका कुठं, वायफायचा पासवर्ड. ज्या घराचा कानाकोपरा तिनं पुसला होता ते घर त्यांनी तिला हिंडून दाखवलं आणि तिनं ते पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं. शेवटी स्वयंपाकघरात येऊन त्यांनी टोपली तिच्या हातात दिली. सवयीनं बोलून गेले, "आणि शेगडी एकदा तरी..."

"मी सुट्टीवर आलेय," काकी म्हणाली. "बाहेरून मागवणार." टोपली तिनं ओट्यावर ठेवली, उशी उचलून बाजूला केली आणि त्या वेताच्या खुर्चीत बसली.

दोन दिवस ती बाहेर पडली नाही. मी विचारलं, काकी, कुठं जायचंय का, गोराई, मढ, मी रिक्षा बोलावते. म्हणाली, मुंबई बघायला नाही आले, बसायला आलेय. पहिल्या दिवशी तिनं डोसा मागवला, दुसऱ्या दिवशी पनीरचं काहीतरी, ते तिला आवडलं नाही, पण ते तिनं आनंदानं सांगितलं. आपण न केलेल्या पदार्थाला नावं ठेवायची चैन तिला बऱ्याच वर्षांनी मिळत होती. दुपारी ती खुर्चीतच झोपली. डोंगराकडे तोंड करून.

इकडे मधल्या घरात काका. पहिल्या दिवशी पाव आणि लोणचं खाल्लं. दुसऱ्या दिवशी लोणचं आणि पाव. आमच्याकडे जेवायला या म्हटलं तर नाही म्हणाले. संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले, तोंड उतरलेलं.

"आमच्याकडची शेगडी कालपासून थंड आसा," ते म्हणाले. "हात लावून बघितली." मग हळूच, "दोन्ही थंड आसत." जिना चढून आल्यासारखा त्यांना दम लागला होता. गावचं ते दार त्यांना दिसत असणार. मी राग धरून बसले होते, पण तेव्हा मला त्यांची दया आली.

"पेटवा ना मग, काका."

"नुसती पेटवून..." म्हणाले आणि थांबले. आपलाच नियम त्यांना आडवा आला होता. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "पोहे भिजवतात ना?"

"भिजवतात, पण..."

"बस. एवढंच."

तिसऱ्या दिवशी जायच्या वेळेला मला नेहमीसारखं बोलावलं. काकीशी बोलायला इंग्रजीची गरज नव्हती, पण पद्धत ती पद्धत. काका आत शिरले, स्वयंपाकघरात गेले, उलटा हात बर्नरवर ठेवला. कढईचा वास घेतला. कांदे मोजले. काकी खुर्चीतून बघत होती.

"रिजेक्ट?" तिनं विचारलं.

"रिजेक्ट," काका म्हणाले.

आणि मग ते सवयीनं दाराकडे वळले, मधल्या घराकडे तोंड केलं, हाक मारायला तोंड उघडलं. तिथं कोणी नव्हतं. जिला हाक मारायची ती पाहुणी म्हणून खिडकीत बसली होती. काका तसेच उघड्या तोंडानं उभे. काकीनं खुर्चीच्या हातांवर हात टेकले आणि ती अर्धी उठली. इतक्या वर्षांची सवय, ती तरी काय करणार. आता ही उठली की संपलं, मग ते दोन दिवस म्हणजे नुसताच डोसा झाला असता.

"बस," काका म्हणाले. "पाहुण्यांनी उठायचं नसतं."

त्यांनी टोपली ओढली. पोहे एका पातेल्यात ओतले आणि वर तांब्याभर पाणी ओतून, भात टाकतात तसे, ठेवून दिले. मी काही बोलणार तर काकीनं मला डोळ्यांनी गप्प केलं. कांदा त्यांनी सालीचा थोडा भाग ठेवून चिरला. मिरच्या अख्ख्याच टाकल्या. पण शेगडी पेटली, तेल तापलं, आणि मोहरी तडतडली तेव्हा काका मागे सरकले आणि कान देऊन उभे राहिले. पोह्यांचा तोवर गोळा झाला होता. तो त्यांनी कढईत टाकला, कालथ्यानं मोडायचा प्रयत्न केला, तो मोडला नाही. त्यांनी त्याचे ताटलीत दोन भाग केले, सुरीनं. मग ताटलीकडे निरखून पाहिलं. कारखान्यात असं काही समोर आलं असतं तर त्यांनी अख्खा लॉट परत पाठवला असता.

त्यांनी वाडग्यात हात घातला. रचलेल्यातलं सगळ्यात वरचं लिंबू उचललं, कापलं आणि काकीच्या ताटलीवर पिळलं. बाकीची लिंबं घरंगळून ओट्यावर पसरली. काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

काकीनं एक घास खाल्ला. सावकाश चावला. काका तिच्यासमोर उभे होते, हात पुसायचं फडकं दोन्ही हातांत धरून, आणि मला एकदम कळलं की या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना तपासलं, पण स्वतः तपासणीला कधी उभा राहिला नव्हता.

"मीठ नाही," काकी म्हणाली. पुडी टोपलीत तशीच होती.

तिनं दुसरा घास घेतला. मग तिसरा. सगळं संपवलं, कांद्याची साल तेवढी बाजूला काढून ठेवली. ताटली त्यांच्याकडे दिली, पुन्हा मागे टेकून बसली, डोंगराकडे बघत.

"अजून एक दिवस मिळेल का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आजचं कोणी आहे गो?"

"नागपूरचं एक कुटुंब विचारतंय. अजून हो म्हटलेलं नाही. स्वयंपाक घरीच करणार म्हणतात, रोज."

मी हे मुद्दाम सांगितलं. रोज शिजवणारे पाहुणे काकांनी उभ्या जन्मात परत पाठवले नसते. काकांनी नळ सोडला, बाह्या वर केल्या आणि कढई घासायला घेतली, चुकीच्या बाजूनं.

"त्यांका कळव," ते म्हणाले, "घरात पाहुणे आसत."